डिलीट न होणारं फोल्डर आणि ‘सपोर्ट’च्या नावाखाली लूट

जुन्या संगणकातली हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडली की तिच्यावरची ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ ही फोल्डर्स सहजासहजी डिलीट होत नाहीत. ‘ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल’ असा संदेश येतो, नाहीतर एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो. वैतागून लोक इंटरनेटवर उपाय शोधतात आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावतात. पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो.

फोनवरचे भामटे आधी रिमोट ॲक्सेसचं, म्हणजे लांबून तुमचा संगणक चालवू देणारं, सॉफ्टवेअर टाकायला लावतात. मग इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतात आणि म्हणतात, ‘बघा, किती व्हायरस!’ अशा नोंदी धडधाकट संगणकातही ढिगाने असतात. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘ट्री’ ही कमांड चालवतात. ती फक्त फोल्डर्सची यादी छापते, पण ओळी भराभर सरकताना बघून स्कॅन चालू आहे असंच वाटतं. तेवढ्यात समोरचा ‘हॅकर सापडला’ असं टाइप करून ठेवतो आणि यादी संपली की ते शब्द खाली उमटतात. शेवटी जुन्या ड्राइव्हवरचं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडायला सांगतात. ते उघडत नाही, आणि नेमकं इथेच लोक घाबरतात. खरं तर ते फोल्डरच नाही. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून व्हिस्टापासून ठेवलेलं, ‘यूजर्स’ फोल्डरकडे नेणारं ते जंक्शन, म्हणजे नुसती वाट दाखवणारी पाटी, आहे. ते कुणी उघडून आत डोकावू नये, अशीच त्याची परवानगी मुळात लिहिलेली असते.

मग कार्डाचा नंबर घेऊन, पाच मिनिटांचं फुकट काम पैसे लावून करून देतात. बरेचदा तेही करत नाहीत.

खरं कारण साधं आहे. फाइलची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्याच सेवेकडे किंवा जुन्या विंडोजमधल्या खात्याकडे असते. नवं विंडोज ते जुनं खातं ओळखत नाही, म्हणून नावाऐवजी आकडा दाखवतं. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असं जा. ओनरपुढच्या ‘चेंज’वर क्लिक करून ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ लिहा आणि आतल्या सगळ्या फोल्डर्सची मालकी बदलण्याच्या चौकोनात टिक करा. सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा तिथेच या, त्याच ग्रुपला ‘फुल कंट्रोल’ द्या आणि आतल्या वस्तूंच्या परवानग्या बदलण्याची टिक लावा. बंद करून पुन्हा उघडण्याची पायरी गाळली की लोक अडकतात. आणि हे चालू संगणकाच्या सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरवर कधीही करू नका. तिथलं जुनं ‘विंडोज.ओल्ड’ काढायचं असेल तर विंडोजमधलंच डिस्क क्लीनअप वापरा.

मालकी मिळूनही फाइल हटत नसेल तर तिचा पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता, बघा. २६० अक्षरांच्या मर्यादेपलीकडे गेलेला पाथ एक्स्प्लोररला झेपत नाही. वरच्या फोल्डर्सना एकेका अक्षराची नावं द्या, पाथ आखूड होतो. डिलीट केलेल्या फाइल्स रीस्टार्टनंतर परत दिसत असतील तर ड्राइव्हच मरायला टेकला असण्याची शक्यता असते. आधी हवा तो डेटा बाहेर काढा, ड्राइव्ह तपासणारी चेकडिस्क कमांड त्यानंतर. ड्राइव्हला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की किंवा पासवर्ड लागतोच. त्याशिवाय उघडून देतो म्हणणारा खोटं बोलतोय.

न हटणाऱ्या फाइल्स काढून देणारे फुकट ‘अनलॉकर’ प्रोग्रामही जपून घ्या. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा, किंवा स्कॅन फुकट करून ‘दुरुस्ती’ला पैसे मागणारा प्रोग्राम तिथेच बंद करा. शिवाय जुन्या ड्राइव्हवरच्या जंक्शनमध्ये सी ड्राइव्हचा पूर्ण पाथ असतो. ड्राइव्ह नव्या संगणकाला जोडला की तो पाथ नव्या संगणकाच्या ‘यूजर्स’कडे वळतो. जंक्शन न ओळखणारं सॉफ्टवेअर त्या वाटेने शिरून तुमच्या आजच्या फाइल्स पुसू शकतं. ड्राइव्हवरचं काहीच नको असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून तो सरळ फॉरमॅट करा. फक्त योग्य ड्राइव्ह निवडलाय ना, हे त्याच्या आकारावरून दोनदा तपासा.

आधीच कुणाला रिमोट ॲक्सेस दिला असेल तर इंटरनेट तोडा, ते सॉफ्टवेअर काढा आणि दुसऱ्या उपकरणावरून ईमेल व बँकेचे पासवर्ड बदला. बँकेला लगेच कळवून कार्ड बंद करा. काही दिवसांनी ‘रिफंड देतो’ असा फोन येऊ शकतो. त्या वेळी नेट बँकिंग उघडू नका. हे भामटे ब्राउझरमध्ये दिसणारा शिलकीचा आकडा बदलतात, ‘चुकून जास्त पैसे आले’ म्हणतात आणि न आलेले पैसे तुमच्याकडून परत मागतात.