घडीचा लॅपटॉप आणि दिवाळी अंकाची पानं: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुस्तकांची, अंकांची मांडणी करणाऱ्यांनी घडीच्या पडद्याचा लॅपटॉप घ्यावा का? परवडत असेल तर जरूर घ्यावा. चित्रकारांनी मात्र सध्या थांबावं. पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेल्या यंत्रावर मी अख्खा दिवाळी अंक लावला, त्यावरून हे सांगतो आहे. मुद्दा या प्रकारच्या रचनेचा आहे, म्हणून माझ्या यंत्राच्या कंपनीचं नाव देत नाही.

२०२० मध्ये लेनोवोचा थिंकपॅड एक्स-वन फोल्ड आला, तेव्हा पडदा १३.३ इंचांचा होता. पान लावायला तो अपुराच. २०२२ मध्ये असुसने १७.३ इंची पडदा आणला आणि हा प्रकार आमच्या कामाचा झाला. माझं यंत्रही त्याच मापाचं, चारास तीन प्रमाणाचं. उघडलं की पडदा साधारण ३५ सेंटिमीटर रुंद, २६ उंच. डेमी आकाराची, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाएवढी, समोरासमोरची दोन पानं मूळ मापात मावतात, वर कडेला पॅलेट म्हणजे साधनांच्या पट्ट्या ठेवायला जागा उरते. पडदा उभा केला की ए-फोर पान जसंच्या तसं. यानं माझं प्रूफ तपासणं बदललं. दहा पॉइंटांतला रफार छापल्यावर दिसेल तेवढाच दिसतो. सतत झूम करत काम केलं की पानाचा तोल हातातून सुटतो. इथे समास अरुंद पडला किंवा शीर्षक जड झालं, तर नजर तिथेच अडते.

घडीच्या रेषेची मला धास्ती होती. पण पडदा आडवा असताना ती मधोमध उभी येते, म्हणजे नेमकी जोडपानाच्या शिवणीवर. तिथे मजकूर नसतोच! उभ्या पडद्यात ती पानाला आडवी छेदते. समोरून जाणवत नाही, ट्यूबलाइटचा तिरपा उजेड पडला की उठून दिसते.

खरी अडचण पेन हातात घेतल्यावर येते. या यंत्रांच्या ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्याला मागून वेगळा प्रकाश लागत नाही आणि तो प्लॅस्टिकच्या पातळ थरावर बनवता येतो, म्हणून तर तो दुमडतो. पण त्यामुळे पृष्ठभाग मऊ राहतो, आणि घडीखाली आधार कमी. लांब रेघ ओढताना तिथे हात किंचित दबतो, रेघेची जाडी बदलते. मुखपृष्ठावरच्या चेहऱ्याची कड अशी बिघडली की जीव तळमळतो. शिवाय मागचा स्टँड पडदा बघण्यासाठी बनवलेला आहे, त्यावर मनगट टेकवण्यासाठी नाही. ड्रॉइंग बोर्डासारखा कमी उतार आणि घडीखाली सरकणारी एखादी ताठ पट्टी, एवढं दिलं तरी चित्रकारांचं काम होईल. पडदा अजून मोठा करण्याआधी हे करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पातळपणापायी प्रोसेसरही बेताचा. असुसच्या त्या मॉडेलमध्ये मूळ वीजवापर जेमतेम ९ वॉट असलेला इंटेलचा आय-सेव्हन होता. मांडणीला पुरतो, एकावर एक शंभर लेयर म्हणजे थर असलेल्या चित्राला नाही. रंग छापील कागदापेक्षा फार झळकतात, त्यामुळे छापखान्याचं प्रोफाइल (छपाईत रंग कसे उतरतील ते पडद्यावर दाखवणारी फाइल) लावल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नका.

किंमत अवाच्या सवा आहे. असुसचं ते मॉडेल भारतात ३,२९,९९० रुपयांना आलं होतं. म्हणून दुकानात स्वतःची फाइल घेऊन जा. पडदा उभा करा आणि चालत असेल ते पेन घेऊन घडीवरून एक लांब रेघ सावकाश ओढून बघा.