बीपीसी-१५७ रॅटला द्यायचं कसं: पोटात सुईने की पाण्यातून?
सांगलीतल्या एका एम.फार्म. विद्यार्थ्याचा पेच: जठराला छिद्र पाडलेल्या रॅटला बीपीसी-१५७ हे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) कसं द्यावं?

डोस. सुईचा हिशेब पक्का. किलोला १० मायक्रोग्रॅम हवेत, तर मिलीला २ मायक्रोग्रॅमचं द्रावण करा. २५० ग्रॅमच्या रॅटला १.२५ मिली. पाण्यात मिलीला ०.१६ मायक्रोग्रॅम घालतात, दिवसाला १२ मिली धरून. पण छिद्र पडलेलं जनावर पहिल्या दिवशी तेवढं पितंय कुठे? पिंजऱ्यात एकच रॅट ठेवा, बाटली रोज तोला, सांडलेलं वजा करा.

धोका. सुई रॅटच्या पोटात, त्याच्या खालच्या उजव्या बाजूला. डावीकडे सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) फुटलं तर पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) छिद्राचा की सुईचा, सांगता येत नाही.

छिद्रामुळे पहिल्या काही तासांत होणारी यकृत-मेंदूची इजा मोजायची तर सुईच. जखम भरणं आठवडाभर पाहायचं तर पाणी, रोज ताजं. माणसांसाठी विकतात त्या कुप्यांचा इथे काही संबंध नाही.