मिरजेचा तंबोरा: घरात रोज वाजवायला घेण्याआधी

घरात कुणी शास्त्रीय गाणं शिकत नसेल तरी मिरजेचा तंबोरा घ्यावा का? आमचं उत्तर 'घ्यावा' असंच आहे. मात्र रोज दहा मिनिटं तो जुळवत बसायची तयारी हवी आणि वर्षातून एकदा जवारी (तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा घासून आणलेला माथा) काढून आणायला मिरजेची खेप मारायची तयारी हवी. यातलं काहीच जमणार नसेल तर तंबोरा कोपऱ्यात उभा राहून धूळ खातो आणि जीव हळहळतो.

दिवेलागणीच्या वेळी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू आहेत, मुलांचा गृहपाठावरून आरडाओरडा आहे, अशात कोणी बाहेरच्या खोलीत बसून नीट लागलेला तंबोरा छेडायला लागलं की थोड्या वेळाने माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. गाणं लावलं तर कुणाला ते आवडतं, कुणाला नाही. शब्द आले की लक्ष शब्दांकडे जातं. तंबोऱ्याला शब्द नाहीत, ताल नाही, सुरुवात नाही आणि शेवटही नाही. कानाला पुढे काय येणार याची वाट पाहावी लागत नाही. एका ठिकाणी मुक्काम मिळतो. त्यात हरिपाठाची एखादी ओळ म्हणा, आजीला ओवी म्हणू द्या, किंवा नुसतं 'आ' लावून बसा. आवाज षड्जात, म्हणजे 'सा'त, मिसळला की छातीत जे होतं ते सांगून कळत नाही. वाजवताना हात भोपळ्यावर टेकलेला असतो, त्यामुळे खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, थरथर कोपरापर्यंत येते. सूर कानाआधी हाडाला लागतो म्हणा ना.

मिरज सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, आणि आज सतारमेकर गल्लीत त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्या भोपळे कोरत बसलेल्या दिसतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणं होतं. विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले तेही मिरजेतच. गवयी दारात आणि कारागीर गल्लीत, अशी ही जागा. 'अमका स्वर जरा कोरडा बोलतो' म्हणणारा जाणकार कान पिढ्यानपिढ्या समोर बसलेला असला की हाताला वळण लागतंच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

दुकानात शिरण्याआधी आपला स्वर, म्हणजे आपण गातो तो 'सा', ठरवा. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. पांढरी-काळी म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्या. पुरुषांचा तंबोरा साधारण पांढरी एक ते काळी दोनसाठी बांधतात, बायकांचा पांढरी चार ते काळी पाचच्या आसपास. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या घरात जातो, बायकी त्याहून बराच आटोपशीर. घरात जागा कमी म्हणून बायकी तंबोरा घ्यायचा आणि तारा उतरवून काळी एकला आणायचा, असं बरेच जण करतात. तारा लोळतात, जवारी फडफडते आणि दोष कारागिराच्या माथी येतो. एखादा स्वर वरखाली चालतो. त्यापलीकडे जायचं तर तारांचे गेज, म्हणजे जाडी, बदलावे लागतात आणि जवारी नव्याने काढावी लागते. घरात दोघांचे स्वर वेगळे असतील तर जो रोज बसणार आहे त्याचा स्वर धरा.

मग भोपळा बघा. हा खायचा भोपळा नव्हे. पंढरपूर-मंगळवेढा भागात होणारा, जाड सालीचा, कडू भोपळा वाळवून वापरतात. बोटाच्या पेराने सगळीकडून हलकेच ठोका. आवाज सगळीकडे सारखा आला पाहिजे. एखाद्या जागी बद्द बोलला तर आतून भेग असते किंवा पुट्टी भरून रंग चढवलेला असतो. दांडीच्या वरच्या टोकाला डोळा लावून खाली नेम धरल्यासारखं पाहा, पीळ असेल तर लगेच दिसतो. लाकूड बहुधा तून झाडाचं असतं, हलकं, लालसर. तबली, म्हणजे भोपळ्यावर बसवलेली लाकडी झाकणी, तिच्या कडेचा जोड नखाने चाचपून बघा, नख अडकायला नको. खुंट्या एकेक करून फिरवा. खुंटी 'कट्' करून उडी मारत असेल तर ती भोकात गोल बसलेली नाही, आणि अशा खुंटीवर घरी रोज संध्याकाळ वाया जाते.

नक्षीवर पैसे घालू नका. पांढऱ्या पट्ट्यांचं वेलबुट्टीकाम दिसायला देखणं असतं, पण आवाजाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तोच पैसा जाड भोपळा, चांगली घोडी आणि फायबरची पेटी यांत घाला. भिंतीला टांगलेल्या तयार मालाची जवारी बऱ्याचदा घाईत काढलेली असते, त्यामुळे पसंत पडलेला तंबोरा आपल्या स्वराला लावून, जवारी पुन्हा काढून मागावा. त्यासाठी थांबावं लागलं तर थांबा. आम्हांला तर ऑर्डर देऊन बांधून घेणं तयार मालापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

आता जवारी. सगळा तंबोरा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

तारा ज्या रुंद घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उताराचा, पालथ्या तळहातासारखा असतो. तार हलताना या उतारावर टेकते-उठते, टेकते-उठते. नुसत्या टोकावर ताणलेली तार छेडली की आवाज येतो आणि विरतो. इथे मात्र तार दर हेलकाव्याला घोडीला चाटून जाते आणि मूळ स्वरात दडलेले वरचे स्वर एकामागून एक बाहेर पडतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली हेच दाखवलं: ज्या जागी छेडल्याने एखादा उपस्वर उमटायलाच नको, तिथे छेडूनही तंबोऱ्याच्या घोडीमुळे तो खणखणीत ऐकू येतो. कारागीर हा उतार कानसीने आणि काचकागदाने केसाकेसाने घासून आणतो. एक हात जास्त फिरला तर तार मुकी होते आणि पुन्हा सगळा माथा खाली घ्यावा लागतो. म्हणून घरी कानस लावायचा मोह टाळा.

घरी करायचं ते दोऱ्याचं काम. तार आणि घोडी यांच्या मधे सुती दोऱ्याचा बारीक तुकडा असतो. तार वाजवत राहा आणि दोरा दोन बोटांत धरून अगदी सावकाश, तांदळाच्या दाण्याएवढा पुढेमागे सरकवा. आधी तार 'टण्ण' अशी कोरडी बोलते. दोरा सरकता सरकता एका जागी आवाज अचानक उमलतो, रुंद होतो आणि लांबपर्यंत टिकतो. तीच जागा. त्यापुढे गेला की पत्र्यासारखी खरखर सुरू होते, तेव्हा तिथून मागे या. चारही तारांना हे वेगवेगळं करावं लागतं आणि चौघींचा पोत एकसारखा यायला हवा. एक तार खुली आणि बाकीच्या बंद असतील तर कान तिच्याकडेच ओढला जातो. दुकानातून निघण्याआधी कारागिराकडून ही जागा प्रत्येक तारेला दाखवून घ्या आणि स्वतः दोनदा करून बघा. घरासाठी फार खुली जवारी मागू नका. लहान खोलीत ती डोकं उठवते. गोलसर जवारी रात्रीही गोड वाटते.

चार तारांत पहिली पंचमाची ('प'), मधल्या दोन जोडाच्या ('सा') आणि शेवटची खर्जाची. जुळवायचा क्रम असा: आधी जोडाची एक तार पट्टीला लावा, मग दुसरी तिच्याशी, मग खर्ज, सगळ्यात शेवटी पंचम. खुंटीने स्वराच्या थोडं खालीच थांबा आणि उरलेलं घोडीच्या पलीकडे तारेत ओवलेल्या मण्याने करा. मणी घोडीपासून खाली, लांब सरकवला की तार ताणली जाते आणि स्वर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो. जोडाच्या दोन तारा एकत्र छेडल्यावर 'वाँव-वाँव' असा हेलकावा ऐकू येत असेल तर त्या अजून जुळलेल्या नाहीत. हेलकावा संथ होत होत थांबला की जुळल्या. सुरुवातीला या एका गोष्टीला पाव तास लागतो. आठ-दहा दिवसांत तीन-चार मिनिटांवर येतं.

मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा जोड आणि खर्जासाठी ठीक. पंचम मात्र कानानेच लावा, कारण शुद्ध पंचम काट्याच्या पंचमापेक्षा किंचित चढा असतो. गंधाराची ('ग'ची) गोष्ट तर याहून मजेची. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्यात जोड १३८.६ हर्ट्झला आणि खर्ज ६९.३ ला असतो. खर्जाच्या तारेतून पाचपट कंपनांचा जो उपस्वर निघतो तो ३४६.५ हर्ट्झ, म्हणजे गंधार! कुठल्याच तारेला न लावलेला, तरी ऐकू येणारा. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीवरचा, म्हणजे हार्मोनियमवरचा, तोच गंधार मात्र ३४९.२ हर्ट्झला असतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे येतात. भजनाला तंबोरा आणि पेटी दोन्ही असताना गंधारावर काहीतरी खुपतं ते यामुळे, आणि त्यात तंबोऱ्याचा दोष नाही. अशा वेळी पेटीवाल्याला गंधारावर फार वेळ थांबू नका, एवढंच सांगावं. एखाद्या संध्याकाळी पेटी न उघडता नुसता तंबोरा घेऊन बसा आणि तो गंधार कानांनी शोधा. सापडला की मन भरून येतं.

वाजवायला मधल्या बोटाने पहिली तार, तर्जनीने उरलेल्या तीन. बोट तारेला समांतर ठेवून पेराच्या मऊ भागाने, दांडीच्या साधारण मध्यावर, तारेवरून हात फिरवल्यासारखं छेडा. नखाने ओरबाडलं की जवारी कितीही चांगली असली तरी आवाज टोचतो. प्रत्येक तार बोलत असतानाच पुढची सुरू व्हावी, मधे भोक पडू नये.

बिघडतं काय? नवा तंबोरा पहिले पंधरा दिवस सतत उतरतो, कारण नव्या तारा ताणल्या जात असतात, घाबरू नका. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. तेव्हा जोर लावून पिळू नका, खुंटी हलकेच बाहेर ओढून मग फिरवा. उन्हाळ्यात त्याच खुंट्या घसरतात, तेव्हा भोकात बसणाऱ्या भागाला साधा खडू घासा. खुंटीला तेल कधीच लावायचं नाही. तार बदलताना पाकिटावरचा गेज पाहा. आकडा मोठा तितकी तार बारीक, इथे दुकानदारही कधी कधी उलटं समजून देतात. खर्जाला पितळी तार असते, तिथे पोलादी घातली तर तंबोऱ्याचा जीवच जातो. चारही तारा एकदम काढू नका. घोडी तारांच्या दाबावर जागेवर असते, ती हलली तर सगळंच बिनसतं. पेन्सिलीने तिच्या पायांभोवती बारीक खूण करून ठेवा.

प्रवासात तारा दोनएक स्वर उतरवा. एसटीच्या टपावर किंवा डिकीत तंबोरा ठेवायचा नाही, पेटीत असला तरी. भोपळ्याला एक धक्का पुरतो. कुरिअरने मागवण्यापेक्षा मिरज जंक्शनला उतरून, स्वतः ऐकून, शेजारच्या सीटवर ठेवून आणलेला बरा. घरी तो भिंतीला टेकवून उभा न ठेवता सुती गवसणीत आडवा ठेवा. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून आणि खिडकीतल्या उन्हापासून लांब.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचं ॲप याला पर्याय आहे का? रियाजाला, प्रवासाला, स्वर पटकन मिळायला ते उत्तम. घरात एक असावंच. पण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला ६९ हर्ट्झचा खर्ज पेलत नाही, आणि दर आवर्तन हुबेहूब सारखं असल्याने थोड्या वेळाने कान त्याला विसरतो. हाताने छेडलेल्या तंबोऱ्यात प्रत्येक खेप जराशी वेगळी असते, म्हणून कान जागा राहतो. शिवाय वाजवणारा स्वतः शांत झाल्याशिवाय हात एकसारखा पडत नाही. लहान मुलांना हे फार लवकर कळतं. सात-आठ वर्षांच्या पोराला नुसत्या चार तारा छेडायला बसवा, गाणं शिकवायचं नावही काढू नका.

रोज वाजणाऱ्या तंबोऱ्यात वर्षभराने तारांचे बारीक चर घोडीवर पडतात. दोरा कुठेही नेला तरी आवाज उमलत नाही, तेव्हा जवारीची वेळ झाली. पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे जा. भर पावसात काढलेली जवारी हवा बदलली की सरकते. नुसती घोडी काढून नेऊ नका, तंबोरा नव्या तारांसह न्या आणि आपला स्वर कागदावर लिहून द्या. जवारी काढून झाली की तिथेच बसून दहा मिनिटं सलग वाजवा, मगच पेटीत घाला.