माळ्यावरचा गेमचा खोका: काय ठेवलं, काय दिलं

आमची चिंचवडची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं आणि पुढची तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढायची. म्हणून माळा उपसला, तर मिक्सरच्या जुन्या खोक्यात दादाचा आणि माझा सगळा व्हिडिओ गेम एका ठिकाणी सापडला. दादा हैदराबादला असतो. फोनवर म्हणाला, "तू बघ, तुला त्यातलं कळतं." मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकवते, म्हणून तो तसं म्हणाला. तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाल्यावर मी एकेक वस्तू चालवून बघितली. कुणाच्या घरी असा खोका असेल आणि विकू की ठेवू असं चाललं असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून लिहितेय.

खोक्यात तीन पिढ्यांचा माल होता. नव्वदच्या दशकातला टीव्हीला जोडायचा गेम, त्याचे दोन रिमोट, एक बंदूक आणि 19 कॅसेटी. मामाने 1994 साली मस्कतहून आणलेला करड्या रंगाचा, हातात धरून खेळायचा निन्टेन्डोचा गेम बॉय, त्याच्या तीन कॅसेटी. आणि दादाने पहिल्या पगारातून घेतलेला प्लेस्टेशन टू.

प्लेस्टेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चालू होता, दोन्ही कंट्रोलर ठीक होते. 'क्रिकेट 07'ची डिस्क कॉपी केलेली, तिला अर्थातच किंमत नाही. सोसायटीतल्याच एका मुलाने दोन दिवसांत नेला. या मशीनला गिऱ्हाईक पटकन मिळतं आणि दादाचाही त्यात जीव नव्हता.

आता टीव्हीचा गेम. जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम 1983 साली आला, त्याची ही नक्कल. आपल्याकडे समुराई, लिटल मास्टर अशा नावांनी असे गेम घरोघरी होते आणि अस्सल फॅमिकॉम बहुतेकांनी डोळ्यांनीही पाहिला नव्हता. अडॅप्टर हरवला होता. इथे एक सांगते, हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसू नका. आधी पिनची पोलॅरिटी बघा, कारण कुठे आत प्लस असतो तर कुठे मायनस. आमचा नऊ व्होल्टवर चालतो, आतला 7805 रेग्युलेटर त्याचे पाच करतो. मी उघडून धूळ काढली, एक सुटलेला टाका परत लावला, बटण दाबलं आणि चित्र आलं. तीस वर्षं माळ्यावर पडलेली वस्तू!

कॅसेटींमधल्या पंधरा लागल्या. आम्ही लहानपणी तोंडाने फुंकर मारून लावायचो, ते चुकीचं होतं. थुंकीच्या ओलाव्याने पिना गंजतात. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसल्या की काळा मळ निघतो, मग वाळू द्यायचं. 'काँट्रा' लागली तेव्हा अंगठे आपोआप चालले: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. तीस जीव मिळाले. '64 इन 1' लिहिलेल्या कॅसेटमध्ये मी कागद घेऊन मोजले, वेगवेगळे गेम अकराच. बाकी सगळे त्याच गेमची पुढची लेव्हल नवीन नावाने. बाजारात या कॅसेटींना भाव जवळजवळ नाहीच. उघडल्यावर कारण दिसतं. आत ओळीने बसवलेल्या चिपा नाहीत, काळ्या इपॉक्सीचा एक गोळा आहे, म्हणजे नकली माल.

बंदुकीवर मात्र माझे चार दिवस गेले. बदकं मारायच्या गेममध्ये घरच्या एलईडी टीव्हीवर बदकं दिसत होती, उडत होती, पण एक मरेल तर शपथ. मला वाटलं बंदूक गेली. उघडली, आतला फोटोसेन्सर ठीक होता. मग आईच्या खोलीतला चौदा इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही जोडला आणि पहिल्याच गोळीला बदक पडलं. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही, ती फक्त बघते. घोडा ओढला की एका क्षणापुरता पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला ठरलेल्या वेळेत तो उजेड दिसला तर नेम बरोबर. ट्यूबच्या टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटतं. नवा टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून थोडं उशिरा दाखवतो, तोवर गेमने वाट बघणं सोडलेलं असतं.

म्हणजे हा गेम पूर्ण ठेवायचा तर टीव्हीही ठेवायला हवा. दहा-अकरा किलोचा, पुढच्यापेक्षा मागे जास्त जागा खाणारा. बरं, नुसता ठेवूनही भागत नाही. तीन वर्षं बंद राहिला तर कपॅसिटर सुकू शकतात, आणि ईएचटी (पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) गेला तर नवा शोधत फिरावं लागतं. माझ्या मते जुना गेम ठेवायचा म्हणजे चालू ठेवायचा. नुसता खोका इकडून उचलून तिकडे ठेवला तर तो विकणं बरं. भाड्याच्या त्या घरात टीव्हीसाठी कोपरा नव्हता, हे मी टेप घेऊन मोजून आले.

मधल्या काळात जुने गेम विकत घेणारा एक जण घरी येऊन गेला. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ताई, सगळं डुप्लिकेट आहे. अडगळ उचलून नेतो, सगळ्याचे मिळून सात हजार देतो." बोलताना त्याचा हात मात्र गेम बॉयवरून हलत नव्हता. कॅसेटी उघडून बघूया म्हटलं तर "उघडू नका, किंमत जाईल" म्हणाला. मला राग आला, कारण हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकून घेणार नाही. गेम बॉयच्या कॅसेटला स्क्रू काढायला 3.8 मिलिमीटरचा खास बिट लागतो, तो मागवला आणि उघडल्या. तिन्हींच्या बोर्डवर निन्टेन्डोचं नाव छापलेलं, चिपा व्यवस्थित बसवलेल्या. अस्सल. एकोणीस नकली कॅसेटींचं नाव पुढे करून तो तीन अस्सलही त्याच भावात नेणार होता. एकगठ्ठा विकताना नेमकं हेच होतं, म्हणून आधी माल वेगळा करा. भाव बघताना लोक काय मागतात ते सोडा, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते बघा. 2021 साली 'सुपर मारिओ 64'ची एक कॅसेट लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली, ही बातमी सगळे ऐकवतात. ती सीलबंद होती, कुणी कधी खेळलेलीच नव्हती.

गेम बॉयला मूळ खोकाही होता. तीस वर्षं आई त्यात बटणं आणि लेस ठेवत होती. आतला थर्माकोल गेला, झाकणाचा एक कान फाटला, तरी खोक्यासकट वस्तूला सुट्या वस्तूपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. आम्ही आत सेल विसरलो होतो, ते फुटून स्प्रिंगा हिरव्या पडल्या होत्या. बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून घेतल्या. चार पेन्सिल सेल घातले, 'टेट्रिस' लावला, पहिल्या झटक्यात सुरू. चार छटांचा हिरवट पडदा आणि मागून उजेड नाही, त्यामुळे खिडकीशी बसावं लागतं. आम्ही तेव्हाही तिथेच बसायचो.

तिसरी कॅसेट 'झेल्डा: लिंक्स अवेकनिंग', 1993 सालची. या कॅसेटमध्ये खेळ सेव्ह होतो, आणि ती आठवण आतला 3 व्होल्टचा बटणसेल धरून ठेवतो. इतक्या वर्षांत तो मेलाच असणार असं धरून मी चालू केली. पडद्यावर दोन नावं आली. वरचं माझं, पाच इंग्रजी अक्षरांत. खालचं 'थीफ'.

ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना कळलं असेल. त्यातल्या दुकानात धनुष्य 980 रुपयांना असतं, त्या गेमचं चलनही रुपयेच. दुकानदाराची पाठ फिरली की वस्तू घेऊन पळता येतं, पण त्यानंतर गेम तुमचं नाव कायमचं बदलून 'थीफ' करतो, आणि परत दुकानात गेलात तर दुकानदार जीवच घेतो. दादाने 1995च्या उन्हाळ्यात ते धनुष्य पळवलं होतं. मी आईला सांगितलं, आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

आता प्रश्न भावाचा राहिला नाही. ही कॅसेट घेणारा पहिलं काम सेल बदलायचं करणार. सेल काढला की दोन्ही नावं गेली. मी मल्टिमीटर लावला, 2.7 व्होल्ट. आज आहे, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. म्हणून कॅसेट कॉम्प्युटरला जोडणारं एक छोटं यंत्र मागवलं आणि सेव्ह उतरवून घेतला. फाइल भरली 8 केबीची, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो त्या फोटोपेक्षा कितीतरी लहान. सेल मेला तरी नवा घालून तीच फाइल परत चढवता येते. अशी कॅसेट विकायचा विचार असेल, तरीही सेल काढण्याआधी हे एवढं कराच.

तर निकाल असा. त्या माणसाने ज्याच्यावर हात ठेवला होता, तो गेम बॉय आणि तिन्ही कॅसेटी घरात राहिल्या. त्याला ना टीव्ही लागतो, ना कोपरा. एका हातात मावतो आणि मला दुरुस्त करता येतो. ज्याला भाव नव्हता तो टीव्हीचा गेम, बंदूक, कॅसेटी आणि आईच्या खोलीतला टीव्ही असं सगळं तळेगावला गेलं. माझा एक जुना विद्यार्थी तिथे रिपेअरचं दुकान चालवतो. त्याच्याकडे ट्यूबच्या टीव्हीचे सुटे भाग अजून आहेत आणि रोज चालू करणारी दोन मुलं आहेत. मी पैसे नको म्हणत होते, त्याने एक हजार हातात कोंबले. ते सगळं सामान देताना मला वाईट वाटलं. 'काँट्रा' हातातून सुटेना, म्हणून ती शेवटी पिशवीत टाकली.

आईची बटणं श्रीखंडाच्या डब्यात गेली. दादाला 'थीफ' लिहिलेल्या पडद्याचा फोटो पाठवला, तर रात्री साडेअकराला त्याचा फोन. "धनुष्य आहे का अजून?"

"आहे."

दिवाळीत येतोय म्हणाला. चार सेल आणून ठेवलेत, गेम बॉयमध्ये घातलेले नाहीत.