डेटासाइट कॉमन्स: डेटासेटचा वापर मोजणारी फुकट सेवा आणि तिच्यातले खड्डे

पेपर किती जणांनी उद्धृत केला हे सांगणारी साधनं ढीगभर आहेत. डेटासेट खुला केल्यावर तो कुणी घेतला, कुठे वापरला, हे एका जागी पाहायचं म्हटलं की यादी आखडते. क्लॅरिव्हेटचा ‘डेटा सायटेशन इंडेक्स’ २०१२पासून आहे, पण त्याला वर्गणी लागते. गूगलचा डेटासेट सर्च डेटा शोधून देतो, तो कुणी वापरला याचा हिशेब ठेवणं हे त्याचं मुख्य काम नव्हे. मग राहतं २०२०मध्ये सुरू झालेलं डेटासाइट कॉमन्स. ते पैसे मागत नाही आणि पाहण्यापुरतं खातंही उघडावं लागत नाही. चालवणारी संस्था डेटासाइट. डेटासेटना डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) देण्याचं काम ती २००९पासून करते, त्यामुळे मूळ नोंदवही तिच्याच हातात आहे.

निकाल आधीच सांगून टाकू. उद्धरणांचे दुवे शोधण्यासाठी पाचपैकी चार तारे. व्ह्यू आणि डाउनलोडच्या आकड्यांसाठी दोन, तेही हात सैल सोडून.

वापर सोपा आहे. व्यक्तींच्या विभागात संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक टाकायचा. त्या संशोधकाच्या नोंदी, उद्धरणं, व्ह्यू, डाउनलोड यांच्या बेरजा समोर येतात. या नोंदींत सॉफ्टवेअर, प्रीप्रिंट, पोस्टर असं सगळंच असतं, म्हणून कामाच्या प्रकारातून ‘डेटासेट’ एवढंच निवडल्याशिवाय बेरजेकडे पाहू नये.

पहिली तक्रार जवळपास प्रत्येकाची सारखीच असते: माझे अर्धे डेटासेट इथे दिसतच नाहीत. त्याचं कारण नोंदीच्या मेटाडेटात, म्हणजे तिच्यासोबत भरलेल्या माहितीत आहे. पान तयार होतं ते डीओआयच्या मेटाडेटात लेखकाच्या नावासमोर लिहिलेल्या ऑर्किडवरून. नुसतं नाव असेल तर दुवा जुळत नाही. डेटासेट आपल्या ऑर्किडच्या पानावर हाताने चढवूनही हे सुधारत नाही, कारण ती नोंद ऑर्किडच्या बाजूची. डीओआयची नोंद आहे तशीच राहते. दुरुस्ती रिपॉझिटरीत, म्हणजे डेटा जिथे ठेवला आहे त्या साठ्यात जाऊन करायची. झेनोडो ही रिपॉझिटरी असेल तर तिथली नोंद संपादित करून प्रत्येक लेखकापुढे ऑर्किड भरा आणि पुन्हा प्रकाशित करा. मेटाडेटा बदलल्याने डीओआय बदलत नाही. सहलेखकांचे क्रमांकही त्याच बैठकीत भरून टाकावेत, नाहीतर हेच काम त्यांच्यासाठी पुन्हा करावं लागतं.

आता उद्धरणांकडे. इथेच ही सेवा सगळ्यात उपयोगाची आहे आणि फसवीही इथेच आहे. डेटासाइटच्या मेटाडेटात दोन डीओआयमधलं नातं लिहिण्यासाठी ठरलेले शब्द आहेत: ‘उद्धृत करतो’, ‘संदर्भ देतो’, ‘याला पूरक आहे’ वगैरे. मोजणीत यांपैकी शेवटचंही उद्धरण म्हणून धरलं जातं. म्हणजे संशोधकाने डेटासेट टाकताना ‘हा माझ्या अमुक पेपरला पूरक आहे’ असं लिहिलं की खात्यात एक उद्धरण जमा! कुणा तिऱ्हाईताने तो डेटा उघडलेलाही नसतो. दुवा म्हणून ते नातं योग्यच आहे आणि भरायलाच हवं, पण प्रभाव म्हणून त्याची किंमत शून्य.

यात फिगशेअर या रिपॉझिटरीची भर पडते. काही नियतकालिकं पेपरची प्रत्येक पूरक फाइल, प्रत्येक तक्ता वेगळा डीओआय देऊन तिथे आपोआप चढवतात. बारा पूरक फाइलींचा एक पेपर म्हणजे बारा नोंदी, आणि प्रत्येकीला मूळ पेपरचं एकेक ‘उद्धरण’. डेटाव्हर्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या काही रिपॉझिटरींत प्रत्येक फाइलला स्वतंत्र डीओआय मिळतो, तिथेही नोंदींची संख्या अशीच फुगते. म्हणून बेरीज कधीही तशीच उचलू नये. उद्धरणांची यादी उघडायची, ज्या पेपरांत डेटासेटच्या लेखकांपैकी कुणीतरी लेखक आहे ते बाजूला काढायचे, आणि उरतील तेवढेच मोजायचे. वीस-पंचवीस डेटासेट असतील तर एका दुपारचं काम आहे. उरलेल्यांतही पेपर उघडून पद्धतीचा भाग वाचावा. डेटा खरोखर विश्लेषणात घेतला आहे की प्रस्तावनेत ओझरता उल्लेख आहे, हे कुठलाच मोजक सांगत नाही.

उलट बाजूची गळतीही मोठी आहे. पेपरच्या शेवटी ‘डेटा उपलब्धता’ या मथळ्याखाली डीओआय दिला पण संदर्भसूचीत घातला नाही, तर बहुतेक वेळा तो दुवा इथपर्यंत येतच नाही. पेपरांच्या डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफकडे प्रकाशक संदर्भसूची पाठवतो, उपलब्धतेच्या परिच्छेदातल्या दुव्याची तशी खात्री नाही. उपाय एकच: आपल्या डेटासेटच्या पानावर ‘असं उद्धृत करा’ म्हणून पूर्ण संदर्भ तयार ठेवावा (लेखक, वर्ष, शीर्षक, आवृत्ती, रिपॉझिटरी, पूर्ण डीओआय) आणि ‘संदर्भसूचीत घाला’ असं स्पष्ट लिहावं.

जीवशास्त्रवाल्यांना तर ही सेवा जवळपास आंधळीच आहे. जीनबँक किंवा जीईओ या जनुकीय डेटाच्या साठ्यांतला डेटा लोक डीओआयने नव्हे, साठ्याने दिलेल्या ॲक्सेशन क्रमांकाने सांगतात, आणि तोही मजकुरात. त्यासाठी युरोप पीएमसी या पेपरांच्या शोधसेवेत क्रमांक टाकून शोधा, किंवा डेटासाइट आणि मेक डेटा काउंट हा डेटा-वापर मोजणीचा उपक्रम यांनी २०२४मध्ये पहिल्यांदा खुला केलेला ‘डेटा सायटेशन कॉर्पस’ उतरवून घ्या. त्यात मजकुरातून यंत्राने वेचलेले ॲक्सेशन क्रमांकही आहेत. यंत्राने वेचलेले म्हणजे चुका असणारच, भलत्याच आकड्याला क्रमांक समजण्यासकट.

व्ह्यू आणि डाउनलोडचा मामला वेगळा. हे आकडे आपोआप येत नाहीत, रिपॉझिटरीने तशी सोय केली तरच दिसतात. रिपॉझिटरीने स्वतः मोजून कळवायचे तर काउंटर या वापर-मोजणीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१८च्या संशोधन-डेटा संहितेप्रमाणे सर्व्हरच्या नोंदी गाळाव्या लागतात. तीस सेकंदांतली दुहेरी क्लिक एकच धरायची, शोधयंत्रांचे रोबो वगळायचे, मेटाडेटा पाहणं वेगळं आणि फाइल नेणं वेगळं मोजायचं. छोट्या रिपॉझिटरीकडे यासाठी माणूस नसतो. परिणामी ‘कुणी पाहिलं नाही’ आणि ‘कुणी कळवलं नाही’ या दोन्हींसाठी एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागवण्याच्या सोयीतून) एकच उत्तर येतं: शून्य. दोन संशोधकांची या रकान्यावरून तुलना करणं म्हणजे त्यांच्या रिपॉझिटरींच्या तांत्रिक मनुष्यबळाची तुलना करणं.

त्यापेक्षा रिपॉझिटरीचा स्वतःचा मोजक पाहावा, पण त्याचे नियम वाचून. झेनोडोवर प्रत्येक फाइल हे एक डाउनलोड. चाळीस सुट्या फाइलींचा संच एकाने पूर्ण नेला की चाळीस मोजले जातात. तोच संच एका झिपमध्ये ठेवला असता तर एक. वेगळे वापरकर्ते मोजायचे तर ‘युनिक’ आकडा घ्यावा, ज्यात एकाच वापरकर्त्याने एका तासाच्या खिडकीत कितीही फाइली नेल्या तरी एकच मोज होते. माणसाने चालवलेल्या स्क्रिप्टचे डाउनलोड तिथे धरले जातात, फक्त रोबो वगळतात. त्यामुळे रोज रात्री डेटा ओढणारी एखादी चाचणी-स्क्रिप्ट वर्षाला तीनशे पासष्ट डाउनलोड सहज जमवते.

आवृत्त्यांचा घोळ शेवटचा, पण पक्का. झेनोडो प्रत्येक आवृत्तीला एक आणि सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक असे डीओआय देतं. उद्धरण ज्या डीओआयला मिळालं त्याच्याच खात्यावर राहतं. चार आवृत्त्यांचा डेटासेट असेल तर पाच पानं उघडून याद्या एकत्र करा आणि एकच पेपर दोनदा आला असेल तर एकदाच धरा. एका वेळी पुष्कळ डेटासेट तपासायचे असतील तर एपीआयच बरा. प्रत्येक डीओआयला उद्धरणांचा आकडा, वर्षवार फोड आणि नात्यांची यादी मिळते, आणि ‘पूरक’वाली नाती गाळणं दोन ओळींचं काम होतं.

जैवविविधतेच्या नोंदी असतील तर कॉमन्स सोडा, थेट जीबीआयएफ या जैवविविधता-डेटाच्या जागतिक साठ्यावर जा. तिथे प्रत्येक डाउनलोडलाच डीओआय मिळतो, आणि तो उद्धृत झाला की त्यात भर घालणाऱ्या सगळ्या डेटासेटच्या खात्यावर नोंद होते. खोट एवढीच, की डाउनलोडमध्ये तुमची एक नोंद असो की लाखभर, उद्धरण एकच मोजलं जातं.

अर्जात किंवा बायोडेटात लिहिताना बेरजेऐवजी ‘अमुक डेटासेट, स्वतःचे पेपर वगळून इतकी उद्धरणं, अमुक तारखेला पाहिलं’ असं लिहावं. तारीख हवीच, कारण प्रकाशकाने जुना दुवा उशिरा पाठवला की आकडा मागच्या वर्षांतही बदलतो. चुकीचा दुवा दिसला तर तो कुठून आला ते आधी पाहा: प्रकाशकाकडून आलेला असेल तर दुरुस्ती प्रकाशकानेच क्रॉसरेफकडे पाठवायची असते, रिपॉझिटरीचा असेल तर तिथल्या नोंदीत.