मानसिक आजारांची तोंडओळख: साताऱ्यातला रविवारचा वर्ग, एका मेडिकलवालीच्या नजरेतून

साताऱ्यातल्या एका संस्थेने यंदा मानसिक आजारांची प्राथमिक ओळख करून देणारा वर्ग घेतला. महिनाभर, दर रविवारी सकाळी साडेनऊ ते दीड. फी 1,500 रुपये, चहा-नाश्ता त्यातच. शिकवायला एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आणि एक समुपदेशक बाई. माझं तालुक्याच्या गावात मेडिकल आहे, काउंटरवर मी स्वतः उभी असते. केमिस्ट मंडळींपैकी बऱ्याच जणांनी "पैसे वसूल होतात का?" असं विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. होतात. जरूर जा. काही गोष्टी खटकल्या, त्याही सांगते.

आधी आपल्या लोकांसाठी. ही औषधं आपण रोज देतो, पण चिठ्ठीवरून आजार कळत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट फिट्ससाठी जातं, उन्मादासाठी (म्हणजे मॅनिया, मनाचा बेफाम चढ) जातं, अर्धशिशीसाठीही जातं. अमिट्रिप्टिलिन आलं नैराश्यासाठी, पण आज नसांच्या दुखण्याला आणि डोकेदुखीला रात्रीची छोटी गोळी म्हणून सर्रास लिहिलं जातं. आणि काउंटरपलीकडचा माणूस हळूच विचारतो, "ताई, ही डोक्याची गोळी आहे का?" त्याच्या चेहऱ्यावरची भीती बघून काय उत्तर द्यायचं, हे बी. फार्म.ला मला कुणी शिकवलं नव्हतं. औषध शरीरात काय करतं ते शिकले, आजार माणसाचं काय करतो ते राहून गेलं होतं. ते मला इथे मिळालं.

डॉक्टरांनी सुरुवात आजारांच्या नावांनी केली नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले: किती दिवसांपासून? किती त्रास? रोजचं काम अडतंय का? मग प्रत्येक गटाच्या पुढे मुदत लिहीत गेले. नैराश्य म्हणायला निदान दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ. उन्मादाला एक आठवडा. सततच्या चिंतेच्या विकाराला सहा महिने. अपघात, बलात्कार, भूकंप असं काही सोसल्यानंतरच्या आघाताला एक महिना उलटावा लागतो, कारण पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं हे कुणाचंही होतं. इथे त्यांनी 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण घेतलं. वर्गातल्या वयस्कर लोकांना ते लगेच भिडलं. चार दिवस उदास वाटलं की "मला डिप्रेशन आलंय" म्हणणारे आणि वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला "आळशी आहे" म्हणणारे, दोघांनाही या मुदतींचा उपयोग आहे.

नैराश्याची नऊ लक्षणं, त्यांतली निदान पाच हवीत, आणि उदासी किंवा कशातच रस न वाटणं या दोन्हींपैकी एक असलंच पाहिजे, हे पुस्तकी झालं. पण बाईंनी पुढे सांगितलं की आपल्याकडचा माणूस "मी उदास आहे" असं म्हणत डॉक्टरकडे जात नाही. तो पित्त, अंगदुखी, झोप नाही, डोक्यात मुंग्या असं सांगतो. मी हे रोज बघते. पित्ताच्या गोळ्या महिनोन् महिने नेणारी कितीतरी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आली. थायरॉइड आणि बी-12 तपासल्याशिवाय मनाचा आजार म्हणून शिक्का मारू नका, हेही डॉक्टरांनी बजावलं. शिवाय एक गोष्ट आपल्या काउंटरवर लिहून लावावी अशी: नैराश्याच्या गोळीचा मळमळीसारखा त्रास पहिल्या काही दिवसांत जाणवतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. आठव्या दिवशी "फरक नाही" म्हणत उरलेली पट्टी परत करायला येणाऱ्याला हे दोन मिनिटं थांबवून सांगणं हे आपलंच काम.

बायपोलरचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराचं, सत्र सगळ्यात भरीव झालं. 1899 मध्ये क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने चढ-उताराचा हा आजार आणि ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो तो, या दोघांची फारकत केली. मग 1949 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केडने उन्मादावर लिथियम वापरल्याचं प्रसिद्ध केलं. इतकी जुनी, स्वस्त गोळी, पण तिच्या उपयोगी आणि विषारी पातळीत अंतर फार थोडं, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. डॉक्टर म्हणाले, लिथियम चालू असलेल्या माणसाने कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. जुलाब, उलट्या, उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी होणं, यानेही तेच. हात जास्त थरथरायला लागले, तोल जायला लागला, जीभ जड झाली की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. दुखण्याच्या गोळ्या आपल्याकडे दिवसभर जात असतात, "लिथियम चालू आहे का?" असं किती जण विचारतात? या एका सत्राखातर मी तालुक्यातल्या प्रत्येक केमिस्टला या वर्गाला बसवीन.

स्किझोफ्रेनियाच्या सत्रात भास आणि भ्रम यांतला फरक छान समजावला: नसलेला आवाज ऐकू येणं हा भास, आणि शेजारी माझ्या वाईटावर आहेत अशी पुराव्यालाही न हलणारी खात्री हा भ्रम. वाद घालून भ्रम जात नाही, "असं काही नाहीये" म्हटलं की उलट माणूस तुटतो. त्या दिवशी एक शुभंकर आई बोलायला आल्या होत्या. घरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्याला या मंडळींत शुभंकर म्हणतात. त्यांनी आम्हा दुकानदारांकडे थेट बघून सांगितलं, "कंपनी बदलून गोळी देता तेव्हा आधी सांगत जा. कालची पिवळी होती, आज पांढरी. माझ्या मुलाला वाटतं आईने विष दिलं. मग चार-चार दिवस तो गोळीला हात लावत नाही." तेच औषध, तीच मात्रा, पण गोळीचा रंग बदलला की घरात काय होतं हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी तेव्हापासून अशा ग्राहकांची कंपनी वहीत लिहून ठेवते आणि स्टॉक संपत आला की आधीच मागवते.

मंत्रचळ म्हणजे ओसीडी, तेच ते विचार आणि त्याच त्या कृती थांबवता न येण्याचा आजार, 2013 पासून अमेरिकन वर्गवारीत चिंता विकारांच्या गटातून बाहेर काढून स्वतंत्र गटात ठेवला, ते का, हे उदाहरणांसकट सांगितलं. पॅनिक अटॅकही नीट झाला: काही मिनिटांत टोकाला जाणारी धडधड, छातीत दुखणं, आता मरणार असं वाटणं. पहिल्यांदा असं झालं तर ईसीजी काढायचाच, हे स्पष्ट सांगितल्याबद्दल डॉक्टरांचे आभार. मुलांचे विकार, स्वमग्नता, अतिचंचलता हे शिक्षकांच्या प्रश्नांमुळे रंगलं.

आणि "अंगात येणं". हा विषय निघणारच होता. कुणी देवीचा विषय काढला, कुणी तावातावाने अंधश्रद्धा म्हणालं, आवाज चढले. डॉक्टरांनी फार संयमाने हाताळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गवारीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, अंगात संचार होण्याचा विकार आहे. पण समाजाने, धर्माने मान्य केलेल्या विधीचा भाग म्हणून जे होतं ते त्यात धरत नाहीत. माणसाची इच्छा नसताना होत असेल, त्याचा त्याला त्रास होत असेल, घर-काम कोलमडत असेल, तरच तो आजार. जत्रेत घुमणारी बाई घरी येऊन स्वयंपाकाला लागते, तिला रुग्ण ठरवायची गरज नाही. बाळंतपणानंतर झोप गेलेली, असंबद्ध बोलणारी सून मात्र देवऋषाकडे नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायची. इतका स्वच्छ खुलासा मी आजवर कुठे ऐकला नव्हता.

आता खटकलेलं. व्यसन, म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश आणि व्यक्तिमत्त्व विकार असे तीन मोठे गट शेवटच्या रविवारी एकाच तासात कोंबले. व्यक्तिमत्त्व विकारांची तर नुसती नावं वाचून दाखवली. त्याचा परिणाम लगेच दिसला, चहाच्या वेळी लोक आपापल्या सासूला आणि साहेबाला नावं चिकटवायला लागले. व्यसनाच्या बाबतीत मला जास्त राग आला. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रमिष्टपणा येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. हे तिथे कुणी बोललंच नाही. चिंता, झोप यांसाठीच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेऊन अचानक बंद करण्याचाही तसाच धोका. अल्प्राझोलाम एच-1 रजिस्टरमध्ये, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीच्या वेगळ्या वहीत, नोंदवल्याशिवाय आपण केमिस्ट देत नाही, त्यामागचं एक कारण वर्गाला यातून कळलं असतं. गावोगावच्या आशाताई समोर बसलेल्या असताना ही संधी घालवायला नको होती.

दुसरं म्हणजे नोट्स. शिकवणं उत्तम मराठीत आणि हातात दिलेले कागद इंग्रजीत, तेही पुसट झेरॉक्स. माझ्या शेजारच्या आशाताईंनी ते घडी करून पिशवीत ठेवले, परत काढले नाहीत. 1,500 रुपयांत मराठी पुस्तिका बसायला हवी.

आकडेवारी मोजकी दिली, ते बरं केलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. ते सर्वेक्षण 12 राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

घरात आत्ता कुणी फार त्रासात असेल, मरणाची भाषा करत असेल, तर या वर्गाची वाट बघू नका, इथे उपचार होत नाहीत. सरकारचा टेली मानस, म्हणजे मानसिक त्रासात फोनवरून मदत देणारा 14416 हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो. तो चिठ्ठ्यांवर छापून मी आता औषधाच्या पाकिटात टाकते. बाकी शिक्षक, आशाताई, पोलीस पाटील आणि विशेषतः मेडिकलवाले यांनी पुढच्या बॅचला नाव घालावं. हॉल लांबट आहे आणि मागे माइकचा आवाज नीट पोहोचत नाही, तेव्हा सव्वानऊला जाऊन पुढची खुर्ची धरा.