अळंबीच्या अर्काच्या कॅप्सूल : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेली अकरा वर्षे मला मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम, हा आजार आहे. झेपेल त्याहून थोडे जास्त श्रम झाले की एक-दोन दिवसांनी सगळा त्रास उफाळून येतो आणि अंथरूण धरावे लागते. या आजाराच्या अनेक रुग्णांमध्ये नॅचरल किलर पेशींची मारकशक्ती कमी आढळते, अशी नोंद अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २०१५ च्या अहवालात आहे. विषाणूने ग्रासलेल्या पेशी हेरून नष्ट करणाऱ्या या पांढऱ्या पेशींना थोडक्यात एनके पेशी म्हणतात. माझ्याही तपासणीत त्यांचे काम मंद निघाले, तेव्हा रेशी अळंबीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊन पाहायचे मी ठरवले. रोज दोन कॅप्सूल, जेवणानंतर, सलग आठ महिने घेतल्या.

अळंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकन नावाची शर्करासाखळी असते. आपल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवरील डेक्टिन-१ हे प्रथिन तिला बुरशीची खूण म्हणून ओळखते आणि त्यातून संरक्षणाची साखळी जागी होते. प्रयोगशाळेत हे नीट दिसते. मात्र गिळलेल्या कॅप्सूलमधले किती बीटा-ग्लुकन आतड्यातून पुढे परिणाम साधते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि दीर्घ आजार असलेल्या माणसाला बरे वाटण्याशी त्याचा संबंध जोडणे त्याहून अवघड आहे.

तिसऱ्या महिन्यात फेरतपासणी केली. पहिल्या वेळी ११ टक्के आलेली मारकशक्ती १९ टक्के झाली होती, आणि तो कागद हातात घेऊन मी खरोखर रडले. त्या आठवड्यात मी उत्साहाच्या भरात रोजच्यापेक्षा जास्त चालले आणि पुढचे नऊ दिवस अंथरुणावर काढले. सहाव्या महिन्यात, एकही कॅप्सूल चुकलेली नसताना, तोच आकडा १२ वर आला.

हा चढउतार मला प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी समजावून सांगितला, आणि माझ्या मते अशी तपासणी करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवे. या चाचणीत रुग्णाच्या रक्तातील पेशी के५६२ नावाच्या रक्तकर्करोगाच्या पेशींसोबत काही तास ठेवतात आणि त्यातल्या किती मारल्या गेल्या ते मोजतात. त्यासाठी रक्त ताजे लागते. नमुना पोहोचायला उशीर झाला, तर आकडा खाली येऊ शकतो. दिवसाची वेळ, झोप, मानसिक ताण, नुकताच झालेला व्यायाम यांनीही तो बदलतो. माझे दुसरे रक्त सकाळी, प्रयोगशाळेतच घेतले होते. पहिले आणि तिसरे दुपारी घरून पाठवले होते. एवढ्या फरकानंतर ११, १९ आणि १२ या तीन आकड्यांवरून कॅप्सूलविषयी काहीच ठरवता येत नाही, हे मला मान्य करावे लागले.

लेबलविषयीही लिहिणे भाग आहे. माझ्या डबीवर 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' असे ठळक छापले होते. पिष्ट म्हणजे स्टार्च हेही पॉलिसॅकराइडच असते. धान्यावर वाढवलेली अळंबी धान्यासकट दळली, तर हा आकडा सहज वाढतो, बीटा-ग्लुकन मात्र कमीच राहते. उत्पादकाला मी बीटा-ग्लुकनचे स्वतंत्र प्रमाण दोनदा लिहून विचारले; उत्तर आले नाही.

खरा धोका निराळ्याच बाजूने आला. या कॅप्सूलमध्ये जस्तही होते, दिवसाला एकूण ३० मिलिग्रॅम, आणि मी आधीपासून जस्ताची ५० मिलिग्रॅमची गोळी वेगळी घेत होते. प्रौढांसाठी जस्ताची दैनंदिन कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम मानतात. जस्त दीर्घकाळ जास्त घेतले, तर आतड्यात तांब्याचे शोषण रोखले जाते, आणि तांबे कमी पडले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. सातव्या महिन्यातील नेहमीच्या रक्ततपासणीत माझ्या न्यूट्रोफिल पेशी कमी निघाल्या. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या डब्या आणायला सांगितल्या, बेरीज केली आणि तांब्याची तपासणी करवली. तेही कमी होते. प्रतिकारशक्तीसाठी घेतलेल्या गोळ्यांनी माझ्याच संरक्षक पेशी कमी केल्या होत्या, याचे मला आजही वाईट वाटते. जस्ताची गोळी लगेच बंद झाली, आठव्या महिन्याच्या अखेरीस डबी संपल्यावर कॅप्सूलही थांबवल्या, आणि पुढच्या दोन तपासण्यांत पेशी पूर्ववत झाल्या.

ज्यांना ल्युपससारखा किंवा काही प्रकारच्या संधिवातासारखा स्वप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्वतःच्या शरीरावर उलटते असा आजार, आहे, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्यांनी पेशींना चेतवणारी उत्पादने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच सुरू करू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. तिथे चेतना हीच अपाय ठरू शकते. ड जीवनसत्त्व मी अजून घेते, कारण रक्तात ते कमी असल्याचे मोजून कळले होते आणि मात्राही डॉक्टरांनीच ठरवली आहे.

आठ महिने आणि त्यानंतरही मी रोज रात्री तीन नोंदी केल्या : किती पावले चालले, किती तास आडवी होते, त्रास उफाळला का. कॅप्सूल थांबवून आता अडीच महिने झाले. आधीची पाने आणि नंतरची पाने शेजारी ठेवून पाहिली, तर मला त्यांत काहीही फरक सापडत नाही.